दोन्ही आले का?

बंदुकीच्या खोक्यावर उजवा तळवा पालथा ठेवायचा, डाव्या हाताची दोन बोटं वर करायची आणि विचारायचं, "दोन्ही आले का?" समोर मोठा शेख असो, शेखाचा ड्रायव्हर असो, नाहीतर खुद्द दुकानाचा मालक असो, उत्तर मिळेपर्यंत चाचांचा तळवा हलत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस खोक्याला ताप आलाय का ते बघतोय.

अल ऐनमधल्या त्या दुकानात मी सात वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं आणि पुढची दोन-तीन. नवरा विद्यापीठात लॅब टेक्निशियन, आणि मी घरी बसून एसीची घरघर ऐकत होते. ती ऐकून वेड लागण्यापेक्षा टाइपरायटरची खटखट बरी, म्हणून नोकरी धरली. दुकान शिकारीच्या सामानाचं. तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या कातडी टोप्या, जाड हातमोजे, आणि मागच्या भिंतीला काचेच्या कपाटात ओळीने उभ्या बंदुका. त्या कपाटाची किल्ली चाचांच्या कमरेला असायची.

त्यांना सगळे चाचाच म्हणत, मीही म्हणायची. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून पंचविशीत आखातात आले होते आणि इथेच पिकले होते. मला ते 'बाय' म्हणायचे, जसं त्यांच्या गावात मुलीबाळींना म्हणतात. उंची बेताची, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि दिवसातून पाच वेळा धुतलेले स्वच्छ हात. इतकी वर्षं बंदुकांमध्ये राहून त्यांनी एकदाही बार काढला नव्हता. "आवाज सहन होत नाही, बाय," म्हणायचे. दिवाळीत आमच्या घरी लवंगी फटाका फुटला तेव्हा ते बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले होते.

त्यांचं काम कागदांचं. ते आधी तुम्हाला समजावून सांगायला हवं. सात अमिरातींचा मिळून तो देश. प्रत्येकीचे पोलीस वेगळे, नोंदी वेगळ्या, आणि त्या सातांच्या वर वजारत, म्हणजे मंत्रालय. आमच्याकडून कुणाला बंदूक घ्यायची असेल तर दोन कागद लागायचे. एक आमच्या शहरातल्या पोलिसांचा, की या माणसाबद्दल इथे काही तक्रार नाही. दुसरा वजारतीचा, की सातांपैकी कुठेच काही नाही. पहिला पंधरा दिवसांत यायचा. दुसऱ्याला दोन महिने लागत, कधी चार. दुसरीकडे काय पद्धत होती मला ठाऊक नाही, पण आमच्या कपाटाची किल्ली दोन्ही कागद हातात आल्याशिवाय फिरत नसे.

चाचा पहिल्याला गावचा कागद म्हणत आणि दुसऱ्याला मुलखाचा.

गिऱ्हाइकांचा धीर पहिल्या कागदालाच सुटायचा. "हबीबी, पोलीस मला ओळखतात," एकाने सांगितलं. "माझा चुलतभाऊ बसतो तिथे."

"म्हणून तर दुसरा पाहिजे," चाचा हिंदीत म्हणाले आणि त्याच्यापुढे खजुराची ताटली सरकवली.

एकदा मालकाच्या खास दोस्तीतला एक रुबाबदार मनुष्य गावचा कागद घेऊन आला. कागद आरशासारखा लख्ख. मालकाला आम्ही अरबाब म्हणत असू. तो चाचांना म्हणाला, "यल्ला, दे दो, घर का आदमी है." चाचांनी तळवा ठेवला. अरबाब चिडला, टेबलावर मूठ आपटून बाहेर गेला. तीन महिन्यांनी मुलखाचा कागद आला. दूरच्या एका अमिरातीत त्या माणसाने सख्ख्या भावावर सुरा उगारला होता आणि त्याची तिथे रीतसर नोंद होती. त्या ईदला अरबाबने चाचांना दोन बकरे दिले.

मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्हाला ही दोनाची सवय लागली कुठून?"

ते कपाटाची काच पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "बहिणीचं लग्न केलं तेव्हा नव्हती ना." नवरा मुलगा शेजारच्याच गावचा. गावाने सांगितलं, पोरगा सोन्यासारखा, मान वर करून बोलत नाही. नोकरीला तो बाहेर होता, आणि तिथे कुणी चौकशी केली नाही. तिथे त्याची एक बायको होती आणि दोन मुलं. बहीण सहा महिन्यांत माहेरी परत आली ती आलीच. "गाव खोटं नाही बोललं, बाय. माणूस घरी असतो तेवढाच गावाला ठाऊक असतो," ते म्हणाले, आणि काचेवरचा नसलेला डाग आणखी बराच वेळ पुसत राहिले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या दोन बोटांना हसणं कमी केलं. बंद केलं असं नाही म्हणणार, कारण ते हसण्यासारखंच वागायचे. मासळीवाल्याला विचारायचे, सुरमई कधीची, आणि मग तेच शेजारच्या मासळीवाल्याला विचारायचे. आम्ही घर बदललं तेव्हा ते नव्या इमारतीच्या वॉचमनला भेटले, आणि घरमालक आधी जिथे राहायचा तिथल्याही. माझ्या धाकट्या बहिणीला दुबईतल्या अल मनखूलचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, फोटो छान, सगळं छान. चाचांनी दोन बोटं वर केली. मनखूलमध्ये त्यांच्या भाच्याने चौकशी केली आणि मुलाच्या गावी, सांगलीकडे, त्यांच्या ओळखीच्या एका आंबेवाल्याने. आठ दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "कुत्र्याला घाबरतो. बाकी दोन्ही कागद साफ."

लग्न झालं. मेहुण्यांना ही गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही.

आणखी एक त्यांचं सांगायला हवं. कपाटातल्या प्रत्येक बंदुकीच्या दांड्याला ते दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर मराठीत लिहीत. अरबी त्यांना वाचता यायचं, हिंदी-उर्दू बोलता यायचं, पण गावच्या शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर हाताला सुटत नव्हतं. 'गावचा आला, मुलखाचा यायचाय.' 'दोन्ही आले, गुरुवारी नेणार.' कपाटापुढे उभं राहून अख्ख्या अरबस्तानाने वाचायचं म्हटलं तरी कळलं नसतं. दुकानात वाचणारे आम्ही दोघंच. अरबाबला त्याचं कौतुक होतं. तो म्हणायचा, हे माझं दुसरं कुलूप.

आता हाजींबद्दल.

हाजी शहराबाहेरच्या एका वाडीत राहणारे म्हातारे अमिराती. खजुराची बाग, चार उंट आणि एक ससाणा. लिहिता-वाचता येत नसे, पण बोलणं गोड, आणि तरुणपणी मुंबईला गलबतावरून येऊन गेल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. ससाण्याच्या टोप्या आमच्याकडूनच न्यायचे. त्यांचा एकुलता मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. घरातली जुनी बंदूक मुलाच्या नावावर होती, ती पोलिसांकडे जमा झाली. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी हाजी दुकानात आले आणि स्वतःच्या नावावर एक बंदूक हवी म्हणाले. एक साधी दुनळी पसंत केली. चाचांनी अर्ज भरला, अंगठा घेतला, आणि बंदुकीला चिठ्ठी बांधली.

गावचा कागद दहा दिवसांत आला. मग हाजी दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर यायला लागले. चाचांच्या स्टुलाजवळच्या खुर्चीत बसत. चाचा दल्ल्यातून, म्हणजे लांब चोचीच्या किटलीतून, गहवा ओतत, ती वेलदोड्याची अरबी कॉफी, छोट्याशा पेल्यात, तळाला जेमतेम दोन घोट, तिथल्या रीतीने.

"वरका आया?" हाजी विचारत. वरका म्हणजे कागद.

"इन्शाल्ला, अगले हफ्ते," चाचा म्हणत.

त्या वेळी दुकानात ऊन काचेतून तिरपं आत यायचं आणि बंदुकांच्या लाकडी दांड्यांवर हळूहळू चढायचं. तेलाचा आणि वेलदोड्याचा वास एकात एक मिसळायचा. बाहेर जबल हफीतचा डोंगर धुरकट व्हायचा, आहे की नाही अशी शंका यावी इतका. दोघे म्हातारे फारसं बोलत नसत. मी पत्र अर्धं टाइप करून थांबायची आणि मला वाटायचं, आपण तिघंही कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत.

असे आठ-नऊ महिने गेले. एका सकाळी मी कपाट पुसायला घेतलं, कारण चाचा तापाने घरी होते आणि किल्ली त्यांनी माझ्याकडे पाठवली होती. हाजींच्या बंदुकीची चिठ्ठी उलटी फिरली होती. मी ती सरळ केली.

'दोन्ही आले. द्यायची नाही.'

मी तीनदा वाचलं. खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. राग आला होता मला. ज्या माणसाने एका कागदासाठी मालकाशी वैर घेतलं, तो आलेला कागद दाबून एका म्हाताऱ्याला दर गुरुवारी हेलपाटे घालायला लावतो?

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाय, हाजींनी बाग पुतण्यांना वाटून टाकली. उंट दिले. ससाणा दिला. मी चौकशी केली." मग हळू म्हणाले, "ससाणा देऊन टाकणारा माणूस शिकारीला जात नाही. मग बंदूक कुणावर?"

हाजींना ती स्वतःवरच चालवायला हवी होती.

"मग त्यांच्या पुतण्यांना सांगा. अरबाबला सांगा."

"सांगितलं की गावभर होईल. त्यांची इज्जत जाईल. आणि इज्जत गेली तर ते बंदुकीवाचूनसुद्धा जातील." ते खुर्चीत बसले. "गावाने लिहिलं, माणूस साफ आहे. मुलखाने लिहिलं, माणूस साफ आहे. खरंच साफ आहेत ते. त्यांच्या मनात काय आहे हे लिहिणारी कचेरी कुठे आहे?"

"दुसऱ्या दुकानातून घेतील."

"कागद त्या एका बंदुकीच्या नंबरावर असतो. नवा अर्ज, नवी थांबाथांब. आणि इथे त्यांना बसायला खुर्ची आहे."

"पण चिठ्ठीवर असं कशाला लिहून ठेवलंत? सगळ्यांसमोर?"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी फार पोरकट विचारलं असावं. "तोंडाने खोटं बोलतो तेवढं अल्ला माफ करेल. कागदावर खोटं कसं लिहायचं?"

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी चहा करायला गेले आणि तिथे थोडी रडले, हेही सांगून टाकते.

हे उघडकीला आलं असतं तर चाचांची नोकरी गेली असती. नोकरी गेली म्हणजे व्हिसा कॅन्सल, आणि महिन्याभरात खाडीकाठी परत. घरात ती बहीण, आजारी बायको, शिकणारी मुलं. आणि तशी वेळ आली एकदा. अरबाब हाजींच्याच कबिल्यातला. एका गुरुवारी हाजी उठून गेल्यावर तो कपाटापुढे उभा राहिला. "इतना टाइम? हमारा बुजुर्ग आदमी है. मैं खुद जाऊंगा अबू धाबी, वजारत में." मग काचेवरून चिठ्ठीवर बोट ठेवून माझ्याकडे वळला. चाचा नमाजला गेले होते. "मॅडम, इसमें क्या लिखा है?"

मी त्या दुकानात लागले तेव्हापासून एक स्वल्पविराम चुकवला नव्हता. "एक पेपर बाकी है, सर," मी म्हटलं.

अरबाब अबू धाबीला गेला नाही. आधी त्याच्या मेहुण्याचं लग्न आलं, मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात तो तीन महिने थंड देशात असायचा. मी चाचांना सांगितलं की मी काय बोलले. ते म्हणाले, "आता तुम्हीपण बिघडलात," आणि संध्याकाळी जाताना माझ्या टेबलावर सुरमईच्या चार तुकड्या ठेवून गेले. दोन दुकानांत चौकशी केलेली.

चाचांनी वाट पाहता पाहता दुसरंही काही केलं. हाजींना ते काहीबाही विचारत राहायचे. ससाणा आजारी पडला तर काय देतात? खजुराच्या मादीझाडाला नराचा मोहर कसा बांधतात? हाजी आधी एकेका शब्दात सांगत. मग हातवारे करून सांगायला लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुतण्याकडे ठेवलेल्या एका झाडाचे खजूर आणले आणि चाचांनी ते चुकीच्या पद्धतीने खाल्ले म्हणून त्यांना रागावले. चाचा त्यांना खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कशा काढतात ते सांगत, आणि हाजी 'वल्लाह?' म्हणत पुढे सरकून बसत. तिसऱ्या वर्षी थंडीत हाजी आले तेव्हा त्यांच्या मनगटावर ससाणा होता, टोपी घातलेला. टोपीचा बंद तुटला होता, तो दुरुस्त करून हवा होता.

चाचांनी नवा बंद ओवून दिला. हाजी गेल्यावर मी म्हटलं, "आता द्या की बंदूक. आता काही भीती नाही."

"देता येईल," चाचा म्हणाले. मग बराच वेळ दल्ला विसळत राहिले. "पण मग गुरुवारी ते कशाला येतील?"

बघा. एवढ्या नेमाच्या माणसाचं हे असं झालं होतं.

साठी झाली तसा चाचांचा व्हिसा पुढे वाढला नाही. निघायच्या दिवशी त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. कपाटातल्या एकेका बंदुकीच्या चिठ्ठ्या मला वाचायला लावल्या, शाळेत धडा वाचायला लावतात तशा. हाजींच्या बंदुकीपाशी आल्यावर मी थांबले.

"हिचं काय करू?"

"तुम्ही ठरवा, बाय. मला हाजींना सांगायला तोंड नाही. तीन वर्षं त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोललो असतो तर एक वेळ सांगितलं असतं." टोपी काढली, पुन्हा घातली. "ते येतात तोवर गहवा तेवढा द्या. पेला भरू नका. भरला तर समजतात, उठा आता."

पुढच्या गुरुवारी हाजी आले. रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, खुर्चीत बसले. चाचा गावी परतले हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी गहवा ओतला, थोडासा सांडला. आता ते 'वरका आया?' विचारणार आणि आपण काय म्हणायचं, हे मी आठवडाभर घोकत होते. त्यांनी ते विचारलंच नाही. काठीने कपाटाकडे खूण केली.

"वो पुठ्ठा पढो, बेटी. उसके हाथ का."

अरबाबला सांगितलं तेच सांगता आलं असतं. पण ते चाचांचं अक्षर होतं, आणि त्यांनी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. ते मी कशी खोटं वाचणार?

"लिखा है," मी म्हटलं, "दोनों आ गए. देना नहीं."

हाजींनी मान हलवली, जशी बातमी जुनीच असावी. "मालूम. वजारत से मेरे को टेलिफोन आया था. पहला साल."

"फिर आप... इतना टाइम..."

"उस वक्त मेरा दिल खलास था," हाजी म्हणाले. "वो झूठ बोलने वाला आदमी नहीं. मेरे वास्ते बोलता था. हर खमीस, हर गुरुवार. बोलते टाइम नीचे देखता था, जमीन को." त्यांनी पेला डावीउजवीकडे हलवून परत दिला, म्हणजे पुरे. "मैं नहीं आता, तो उसका झूठ किधर जाता?"

ते उठले. कपाट उघडायला सांगितलं. मी किल्ली फिरवली. त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. दांड्याला बांधलेला दोरा सावकाश सोडला, पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली, आणि अंगातल्या पायघोळ कंदुऱ्याच्या छातीवरच्या खिशात ठेवली.

"और बंदूक?" मी विचारलं.

"खल्ली. रहने दो."

त्या रविवारी मी रत्नागिरीला फोन लावला आणि चाचांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून बोललो ते फुकटच." आणि लगेच, "बाय, ते आले होते ना पण? गुरुवारी?"

आले होते, मी म्हटलं.

त्यानंतर दीड वर्षाने चाचा गावीच वारले, झोपेत. मी ते हाजींना सांगितलं. ते ससाण्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसून राहिले आणि नेहमीपेक्षा उशिरा उठले. मला वाटलं, आता हे यायचे नाहीत.

पुढच्या गुरुवारी ऊन दांड्यांवर चढायला लागलं तेव्हा दाराची घंटी वाजली. हाजी खुर्चीत बसले, काठी बाजूला टेकवली. मी तळाला दोन घोट गहवा ओतला. त्यांनी पेला घेतला, डाव्या हाताची दोन बोटं वर केली, आणि चाचांनी कधी शिकवलं होतं कोण जाणे, स्वच्छ मराठीत विचारलं, "दोन्ही आले का?"

"नाही अजून," मी जमिनीकडे बघत म्हटलं. "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."